गंजू द्या, फीत तयार ठेवा

अभिनंदन! पूल, रस्ते, जलवाहिन्या, गटारं, सगळ्याचा कारभार आता तुमच्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात एक अभियंता फाइल घेऊन येईल. चष्मा जुना, आवाज हळू. म्हणेल, "साहेब, पुलाचा सांधा गळतोय, पाणी आत मुरतंय, सळयांना गंज धरलाय." त्याला बसवा, पाणी विचारा आणि फाइलवर 'पाहिले' असा शेरा मारा. फार गुणी शब्द आहे हा. आपण लक्ष घातलं हेही त्यातून सिद्ध होतं आणि काही केल्याचा ठपकाही येत नाही.

त्या बिचाऱ्याला एक गोष्ट कळत नाही. बुजवलेल्या सांध्यापुढे फीत कापता येत नाही. वंगण घातलेल्या बेअरिंगवर कोनशिला बसत नाही. देखभाल नीट झाली तर काय होतं? काहीच होत नाही. पूल काल उभा होता तसा आज उभा असतो. 'आजही काही घडलं नाही' अशी बातमी कुठे छापून आलेली पाहिलीत का?

टोकियोच्या पाणीपुरवठा खात्याने मात्र पिढ्यान्‌पिढ्या हाच उद्योग केला. रस्ते निजले की माणसं निघतात, लांब काठी जमिनीला टेकवतात, तिला कान लावतात आणि खालून पाणी झिरपल्याचा आवाज येतो का ते ऐकतात. एके काळी तिथली गळती 20 टक्क्यांच्या घरात होती, ती अशी 3-4 टक्क्यांपर्यंत आणली. आता सांगा, रात्री दोन वाजता रस्त्याला काठी लावून उभ्या असलेल्या माणसाशेजारी फोटोला कोण उभं राहणार? हा रस्ता तुमच्यासाठी नाही.

तुमचा खरा सहकारी गंज. सुट्टी नाही, पगारवाढ नाही, रात्रपाळीची तक्रार नाही. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं आणि भोवतालचं काँक्रीट आतूनच फोडतं. बाहेरून रंगाचा हात दिला की पुलाची तब्येत ठणठणीत दिसते. तेव्हा रंगाच्या खर्चाला कधी नाही म्हणू नका.

इटलीत जेनोवाला 1967 मध्ये रिकार्दो मोरांदी नावाच्या अभियंत्याचा पूल वाहतुकीला खुला झाला. डौलदार पूल, जगभर नाव. त्याच्या तिरक्या आधारांतलं पोलाद काँक्रीटच्या वेष्टनात होतं. गंजापासून बचाव व्हावा म्हणून ते वेष्टन, पण त्यामुळे आत काय चाललंय ते दिसेना. खुद्द मोरांदीने 1979 मध्ये लिहिलं की समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांचा धूर पुलाला खातोय, गंज काढत राहा. ज्याने बांधला तोच सांगतोय म्हटल्यावर अडचण झाली, पण मार्ग निघाला. 1990च्या दशकात एका खांबाचे आधार भक्कम केले. बाकीच्यांची पाळी आली नाही. 14 ऑगस्ट 2018 रोजी, भर पावसात, दुसऱ्याच एका खांबाचा भाग कोसळला. 43 माणसं गेली. दोन वर्षांच्या आत तिथे नवा पूल उभा राहिला. दुरुस्तीला चाळीस वर्षं पुरली नाहीत, नव्या पुलाला दोन पुरली. हे गणित पाठ करून ठेवा, कारकिर्दीत कामाला येईल.

आता पैशाचं बोलू. तो लागतोच, पण मागायचा मात्र कुणाकडे नाही. अमेरिकेत महामार्गांसाठी पेट्रोलवर केंद्रीय कर आहे, गॅलनमागे 18.4 सेंट. हा आकडा 1993 साली ठरला आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. तीस वर्षांत सिमेंट वाढलं, पोलाद वाढलं, मजुरी वाढली, गाड्यांचं वजनही वाढलं, 18.4 मात्र जागच्या जागी. खड्डा पडला की तिजोरी दुसरीकडून उसनवारी करते. मतदाराला खड्डा चालतो, खड्ड्याचं बिल चालत नाही, हे ज्याने ओळखलं त्याची खुर्ची पक्की.

उसनवारीनेही भागेना, तर पुढच्या पिढीचं उत्पन्न आजच विकून टाका. शिकागोने हे फार झोकात केलं. 2008 मध्ये शहरातले सुमारे 36 हजार पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खाजगी कंपनीला दिले, रोख 115 कोटी डॉलर घेऊन. नगरसेवकांना कागद वाचायला मोजके दिवस मिळाले. शहराच्याच महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी हिशेब मांडला, तेव्हा कळलं की सौद्यात सुमारे 97 कोटी डॉलर कमी मिळाले. आता दुरुस्तीसाठी किंवा मिरवणुकीसाठी शहराने स्वतःचाच रस्ता बंद केला, तर बुडालेल्या पार्किंगची भरपाई कंपनीला द्यावी लागू शकते. म्हणजे खड्डा बुजवण्यासाठी पैसे उभारायचे आणि खड्डा बुजवताना रस्ता अडवल्याचा दंडही आपणच भरायचा. मोठी रक्कम पहिल्या दोनेक वर्षांतच तुटीच्या पोटात गडप झाली. करार 2083 पर्यंत आहे. तेव्हा उत्तरं द्यायला तुम्ही नसाल. या योजनेचं सगळं सौंदर्य तिथेच आहे.

आधुनिकीकरण म्हणजे जुन्याची दुरुस्ती असा कुणी अर्थ काढला, तर त्याची बदली करा. आधुनिकीकरण म्हणजे नवं, चकचकीत आणि दुरून दिसणारं. त्याचं अंदाजपत्रक कमी दाखवा. डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लुबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 258 वाहतूक प्रकल्पांचे आकडे तपासले. दहातल्या जवळजवळ नऊ प्रकल्पांत खर्च आधी कमी सांगितलेला निघाला, रेल्वेच्या कामांत तर सरासरी 45 टक्के वाढ. भाबडे लोक याला चूक म्हणतात. खरा आकडा सांगितला असता तर मंजुरी मिळाली असती का, ते सांगा आधी! सिडनीच्या ऑपेरा हाउसचा खर्च 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितला होता, झाला 10 कोटी 20 लाख. दहा वर्षं उशीर. आज ती इमारत पाहून कुणी बिल मागतं का?

मात्र कळस आधी आणि पाया मागून असं करताना धूर कुठून बाहेर काढायचा, एवढं विचारून घ्या. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन जून 2012 मध्ये होतं. जेमतेम महिना उरला असताना ते रद्द झालं, कारण आगीची सुरक्षा यंत्रणा, विशेषतः धूर बाहेर काढण्याची सोय, तपासणीत बसेना. विमानतळ उघडला तो 31 ऑक्टोबर 2020 रोजी, करोनामुळे जगभर विमानप्रवास थंडावलेला असताना. प्रवाशांची गर्दी टाळणं याहून चांगलं कुणाला साधलंय?

हो, कार्यालयाची जागा निवडताना जपा. लंडनचा मैला थेट टेम्स नदीत जायचा. कॉलऱ्याने माणसं मरत होती, समित्या बसत होत्या, पैसे कुणी द्यायचे यावर वाद चालू होता, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. 1858चा उन्हाळा कडक निघाला आणि नदीकाठच्या संसदेत दुर्गंध शिरला. खिडक्यांचे पडदे क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात भिजवून पाहिले. नाकं दाबूनही सभागृहात बसवेना, तेव्हा 18 दिवसांत कायदा झाला. जोसेफ बाझलगेट यांनी बांधलेली ती भुयारी गटारं आजही वापरात आहेत. तेव्हा कार्यालय नाल्यापासून लांब, उंचावर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन निवडा. वास आला की माणूस काम करून बसतो.

आणि वेळ साधायला शिका. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल 2011 पासून 'वाईट' या श्रेणीत होता. तपासणी व्हायची, अहवाल यायचे, शिफारशी व्हायच्या. 28 जानेवारी 2022 रोजी सकाळी एका बससह तो खाली गेला. नशिबाने कुणी दगावलं नाही. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडन पायाभूत सुविधांवर बोलायला त्या शहरात येणार होते. आले, आधी पडलेला पूल पाहिला, मग भाषण. पुढे चौकशीत निघालं ते असं: पुलावरचं पाणी वाहून जायची भोकं पालापाचोळ्याने आणि कचऱ्याने बुजली होती. पाणी साचलं, पायांवर मुरलं, पोलाद खाल्लं गेलं. भोकं साफ करा, असं अहवालांत पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं.

वर्ष संपायच्या आत, डिसेंबरमध्ये, नवा पूल वाहतुकीला खुला झाला. पूल रानातून जातो आणि पानगळ दर वर्षी होते. झाडू आणि एका माणसाची मागणी घेऊन तो जुन्या चष्म्याचा अभियंता पुन्हा येईल. त्याला बसवा, पाणी विचारा. शेरा कोणता मारायचा ते तुम्हाला माहीत आहे.