आर. टेलर इथे राहत नाहीत

शेफील्डमधल्या या घराची किल्ली हातात पडून अडीच वर्षं झाली. भाडं मी भरतो, मोरी तुंबली की फोन मी करतो, कुठल्या बुधवारी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर काढायचा हेही मला पाठ आहे. पण टपालखात्याच्या लेखी या घराचे धनी आर. टेलर. सकाळी अकराच्या सुमाराला दाराच्या फटीतून ‘थप्प’ असा आवाज येतो आणि पायपुसण्यावर टेलरसाहेबांचा दरबार भरतो.

सुरुवातीला मी नियमाने वागलो. पत्त्यावर तिरकी रेघ, शेजारी ‘या पत्त्यावर राहत नाहीत, पाठवणाऱ्यास परत’ आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत रवानगी. पहिल्या महिन्यात हे मी इतक्या सुवाच्य अक्षरात लिहीत होतो की माझ्या दहावीच्या बाई पाहतील तर रडतील. सहाव्या महिन्यात नुसती रेघ उरली. पत्रं मात्र परत जाऊन ताजीतवानी होऊन येत, सासुरवाशीण माहेरपणाला यावी तशी.

एका रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर हे गाऱ्हाणं सांगितलं. सोलापुरात बसून तिने दोन मिनिटांत निकाल दिला.

“टेलर म्हणजे शिंपीच ना रे?”

“हो.”

“आणि आपण कोण?”

आम्ही शिंपीच. आडनावानेही आणि आजोबांपर्यंत धंद्यानेही.

“मग फोड की! आपलंच आहे.”

तिला कायदा समजावला. दुसऱ्याचं पत्र, त्याचं वाईट व्हावं म्हणून आणि सबळ कारण नसताना उघडणं हा इथे गुन्हा आहे. यावर ती म्हणाली, “वाईट कशाला व्हायला हवंय? चांगलं व्हावं म्हणून फोड.” या युक्तिवादावर इंग्लंडच्या न्यायालयाने काय म्हटलं असतं कोण जाणे. मी फोडलं नाही.

पण तिच्या बोलण्याने टेलर या नावाकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर १०६६ नंतर जी फ्रेंच भाषा आली, तिच्यातला हा ‘तायर’. मुळात त्याचा अर्थ कापणारा. शिवण्याचा उल्लेखच नाही! आमचा शिंपी शिवतो, यांचा आधी कापतो. आणि मी, शिंप्याचा नातू, येऊन राहिलोय ते सुऱ्या-कात्र्यांसाठी जगभर नावाजलेल्या गावात. योगायोगालाही काही मर्यादा हवी.

मग आमचे आर. कोण, हा छंदच लागला. पाकीट न फोडता बाहेरून जेवढं कळेल तेवढ्यावर तपास. आईला टेलर एकच माहीत: मेडोज टेलर, १८५० च्या दशकात नळदुर्ग भागाचा कारभार पाहणारा साहेब, ज्याने ठगाच्या तोंडून कादंबरी सांगितली. नळदुर्ग तिचं आजोळ, त्यामुळे तो तिला घरचाच वाटतो. पण त्याचं पहिलं नाव फिलिप, त्यामुळे तो बाद.

दर सहा महिन्यांनी दातांच्या दवाखान्याचं पाकीट येतं, त्यावर खिदळणारी दाढ असते. म्हणजे हे ‘क्वीन’ या रॉक बँडचे रॉजर टेलर! कारण हे गृहस्थ लंडनला दातांचा डॉक्टर व्हायलाच आले होते. पुढे ते सोडून पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बुलसाराच्या, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीच्या मागे बसून ड्रम बडवू लागले. अर्धवट सोडलेलं शिक्षण असं दाढ बनून पाठलाग करतं. पण मग कळलं की ‘ड्युरान ड्युरान’मध्येही एक रॉजर टेलर आहेत आणि तेही ड्रमच बडवतात. त्याच बँडमध्ये जॉन टेलर आणि अँडी टेलरही होते, आणि तिघांचं एकमेकांशी नातं काहीच नाही. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या, एकाच दिवशी दोन शहरांत झालेल्या मैफलीला एक रॉजर टेलर लंडनला वाजवत होते आणि दुसरे फिलाडेल्फियाला. त्या दिवशी एखाद्या पोस्टमनने काय करायचं?

आमच्या गावच्या दृष्टीने मात्र हक्काचा उमेदवार तिसराच रॉजर टेलर. हा शेफील्डचा, डावखुरा टेनिसपटू. १९७० ला विम्बल्डनवर त्याने गतविजेत्या रॉड लेव्हरला घरी पाठवलं, १९७३ ला कोवळ्या बोर्गला. क्रीडासाहित्याच्या दुकानाची जाहिरातपत्रकं येतात ती त्याचीच असणार असं मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मामांनी फोनवर सगळं उधळलं. “आर. टेलर? अरे, बॉब! रॉबर्ट टेलर! डर्बीशायरचा यष्टिरक्षक!” डर्बीशायर इथून टेकडीपलीकडे. मामा १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर हजर होते. क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. त्या सामन्यात या टेलरने आपल्या फलंदाजांचे दहा झेल घेतले. तोवर एका कसोटीत कुणाही यष्टिरक्षकाने दहा बळी टिपले नव्हते. पण मामांचा राग झेलांवर नाही. टेलर फलंदाजी करताना पंचांनी त्याला झेलबाद दिला, आपला कर्णधार विश्वनाथ म्हणाला बॅटला लागलेलं नाही, आणि त्याला मैदानावरून परत बोलावला. मग त्याची नि बॉथमची भागीदारी झाली १७१ धावांची, आणि आपण दहा गडी राखून हरलो. “पंच म्हणाला बाद, तर बाद! याला कुणी सांगितलं होतं दिलदारी करायला?” मामा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं नव्हे, कालचं सांगावं तसं बोलत होते. “त्याचं पत्र आलंय ना? परत पाठवू नकोस. ठेव तिथेच.”

यानंतर लाल अक्षरातली पाकिटं सुरू झाली. वरून ‘तातडीचे’, ‘दुर्लक्ष करू नका’. ही वसुलीवाल्यांची, हे सांगायला पाकीट फोडावं लागत नाही. या दिवसांत दारावर थाप पडली की मी आधी ओरडायचो, “मी टेलर नाही!” एकदा समोर पिझ्झावाला होता, पिझ्झा शिंप्यांचाच होता, आणि तो खाली उतरून गेलासुद्धा.

मागच्या ऑगस्टमध्ये एक पोस्टकार्ड आलं. स्कारबरोचा समुद्र, दोन सीगल. कार्डाला पाकीट नसतं, त्यामुळे कायद्याचं कलमही लागत नाही. थरथरत्या अक्षरात चार ओळी. हवा बरी आहे. मासे महागले. माझा गुडघा आता ठीक, तुझा? खाली नुसतं ‘एम.’ परत पाठवावं तर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. फेकवेना. फ्रिजवर चुंबकाखाली लावलं.

व्हिडिओ कॉलवर आईला ते मागे दिसलं, तेव्हा वाचून दाखवावं लागलं. तेव्हापासून दर रविवारी पावसाची आणि कांद्याच्या भावाची चौकशी झाली की ती विचारते, “आणि आपल्या टेलरचा गुडघा?”

“बरा आहे,” मी सांगतो.

“हळद-तूप लाव म्हणावं.”