सबटायटलवाल्या ‘बाई’चं उत्तर

‘रिप्लाय १९८८’ या कोरियन मालिकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “इंग्रजी सबटायटल वाचून कोरियन घर कळत नाही, बाई. अरे-तुरे कुठे संपतं नि अहो-जाहो कुठे सुरू होतं, ते त्यात पुसलं जातं.” पुढे आणखी तीन-चार मुद्दे. उत्तर देणारच नव्हते, पण ते ‘बाई’ दोन दिवस डोक्यातून जाईना.

आधी माझी चूक. मालिका १६ भागांची नाही, २० भागांची आहे. लेखात दुरुस्ती केलीय. आभार.

आता तुमचं सबटायटल. शेजारच्या घरांतल्या बोरा आणि सन-वूचं लग्न आठवा. दोघांचं आडनाव सुंग, मूळ कुळही एकच. सोलमधल्या सांगमुन-दोंग वस्तीतल्या त्या बोळात दोघांच्या आया शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या, जिवाभावाच्या. लग्नाचं कळल्यावर त्याच दोघी अडून बसतात. खाली इंग्रजीत एक आडनाव, एक कुळ असं काहीतरी येऊन जातं. मला थांबून शोधावं लागलं नाही. आमच्याकडे त्याला सगोत्र म्हणतात.

१९८९ साली माझ्या मावशीला बघायला आले होते. मुलगा बँकेत, पत्रिका जुळलेली. मुलाच्या वडिलांच्या हातात पोह्यांची बशी. ‘काश्यप’ ऐकलं आणि त्यांनी बशी खाली ठेवली, चमचा तसाच पोह्यात उभा. मी आठ वर्षांची होते. ते पोहे नंतर मीच संपवले. सगोत्र लग्नाला आपल्या कायद्यानं १९४६ सालीच मोकळीक दिली होती, पण त्या खोलीत ते बोलणार कोण? कोरियात तर कायदाच आडवा होता. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ती बंदी घटनेशी विसंगत ठरवली ती १९९७मध्ये. म्हणजे त्या आया उगाच हट्टाला पेटलेल्या नव्हत्या.

शेवटचे भाग मावशीनं माझ्याबरोबर पाहिले. तिला कोरियन सोडाच, इंग्रजीही येत नाही. आयांचे चेहरे बघून म्हणाली, “गोत्र निघालं वाटतं.” आता तिलाही सांगा, घर कळत नाही म्हणून.

राहिलं अरे-तुरे. मला कान आहेत. सन-वू बोराला ‘नूना’ म्हणतो, म्हणजे ताई, आणि खाली कित्येकदा नुसतं नाव छापलेलं असतं. ते मला ऐकू येतं. सगळं टिपता येत नाही, ठीक आहे. पण सासूच्या ‘अगं’मध्ये माया किती नि जरब किती, हे जन्मभर मराठी बोलूनही कुठे कळतं?

नायिका दॉक-सनला शेवटी दिलेला नवरा चुकीचा की बरोबर, या भांडणात मी पडत नाही. मालिका २०१६च्या जानेवारीत संपली, लोक अजून हमरीतुमरीवर आहेत, त्यांच्यात जाऊन बसा. त्या बोळाची मी आपल्या चाळींशी केलेली तुलना ओढूनताणून वाटली? वाटू दे. तुमच्या ‘रडूबाई लेखन’ या शेऱ्याला उत्तर नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ते ‘बाई’ तेवढं तुम्ही काढा.