बहुमत आहे ना? मग पावती दाखवा

तर तुमच्या कारखान्यात युनियन झाली. गेटवर नारळ फुटला, फलकाचा रंग अजून ओला आहे, आणि तुम्ही छाती पुढे काढून सांगताय, "सगळे कामगार आपल्याबरोबर आहेत!" अभिनंदन. आता हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. औद्योगिक न्यायालयात तर नकोच नको. 'सगळे' हा आकडा तिथे कुणालाच मोजता येत नाही.

माणसं काय, गेट मीटिंगला वडापावावरही जमतात. तुम्ही पावत्या जमवा. महाराष्ट्रातला युनियनच्या मान्यतेचा, म्हणजे मालकाशी सगळ्यांच्या वतीने बोलायच्या हक्काचा, कायदा 1971चा. त्याला कामगाराच्या मनातलं कळत नाही, वर्गणी कळते. महिन्याला किमान 50 पैसे. जिथे 50 किंवा जास्त कामगार आहेत, तिथे अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने 30 टक्के सभासद दाखवायचे. पाच महिने एकोणतीस दिवस तुमच्यावर जीव टाकणारा कामगार या हिशेबात बसत नाही.

"मग सरळ गुप्त मतदान का घेत नाहीत?" असला बालिश प्रश्न विचारू नका. पेटी ठेवली, चिठ्ठ्या टाकल्या, संध्याकाळी निकाल! मग तपास अधिकाऱ्याने नोंदवह्या कशाच्या तपासायच्या, आणि वकिलांनी पुढची तारीख कशासाठी मागायची?

पावतीपुस्तक मात्र जिवापाड जपा. आमचं पेंट शॉपमधल्या एका मित्राच्या डब्याच्या पिशवीत असायचं, कारण सुपरवायझर लॉकर उघडायचा, डबा उघडत नसे. तिसऱ्या महिन्यात त्यात बोंबलाचं कालवण सांडलं. 41 ते 67 नंबरच्या पावत्यांना एकसारखा पिवळा रंग चढला. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी ती पानं दोन बोटांच्या चिमटीत धरून विचारलं, "ह्या सगळ्या एकाच दिवशी बनवल्या ना?" आमचा मित्र शपथेवर म्हणाला, "नाही साहेब, एकाच दिवशी सांडलं." हे जबाबात आलं नाही. पानांवर निशाणीचा, म्हणजे पुरावा म्हणून दाखल झाल्याचा, शिक्का तेवढा पडला.

एवढ्यात दुसरी युनियन उगवेल. घाबरू नका, ती उगवतेच. तिच्या पावत्या कोऱ्या करकरीत, एकाच शाईच्या, आणि त्यांवर तुमच्याच खात्यातली बत्तीस नावं. त्यांची वर्गणी कुणी भरली हे विचारू नका. मालकाने स्वतःची युनियन उभी करणं ही त्याच कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे. म्हणजे कायद्यात बसत नाही ते घडलेलंच नसणार, नाही का?

रागाच्या भरात काम बंदही करू नका. अर्जाआधीच्या सहा महिन्यांत युनियनने बेकायदा संपाला हात लावला की मान्यता गेली. त्यापेक्षा कार्यकारिणीची सभा घ्या (तीन महिन्यांत एकदा तरी घ्यावीच लागते), ठराव वहीत लिहा, चहा प्या, घरी जा.

माणसं मोजून काय होतं ते गिरणगावाला विचारा. 18 जानेवारी 1982ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. भोंगा झाला तरी खात्यात माणूस नाही. कौल यापेक्षा मोठ्याने द्यायचा कसा? पण 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे कामगारांची प्रतिनिधी संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. करारावर सही तिची. अडीच लाख लोक रस्त्यावर, आणि कागदावर ते दुसऱ्याच कुणाचे तरी! तो संप रीतसर कुणी मागे घेतलेला नाही. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले. तिथे पार्किंगची पावती न मागता मिळते.

2020च्या औद्योगिक संबंध संहितेत तर हिशेब आणखी सुटसुटीत आहे. हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार दाखवा, वाटाघाटी करणारी एकमेव युनियन व्हा. नाही जमलं, तर वाटाघाटी परिषदेत प्रत्येक 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. यात टक्क्यांकडे पाहत बसू नका, 'हजेरीपट' या शब्दाकडे पाहा. तुमच्या शेजारी, त्याच मशीनवर, तोच नट आवळणाऱ्या पोराच्या खिशात ठेकेदाराचा पास असतो. त्याचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर. घाम एकाच बादलीत पडतो, पण मोजायचा दोन वह्यांत.

आणि धीर सोडू नका, निकाल लागतो. आमचाही लागला, आमच्याच बाजूने. मान्यतेचा दाखला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आम्ही चौघे मागणीपत्रक द्यायला गेटवर गेलो. सुरक्षारक्षक नवीन होता. म्हणाला, "पेंट शॉप? ते तर दिवाळीपासून ठेकेदाराकडे आहे. तुम्ही कोण?" आम्ही मान्यताप्राप्त युनियन आहोत म्हणून सांगितलं आणि पुराव्यादाखल कोर्टातून परत आणलेलं पावतीपुस्तक त्याच्यापुढे धरलं. त्याने मधलं एक पान उघडलं, नाकाजवळ नेलं.

"बोंबील?" म्हणाला.