तैयब मेहतांच्या सिनेमाबद्दलही लिहा

चित्रकार तैयब मेहतांवरचा तुमचा लेख आवडला. त्यांच्या चित्रांतल्या बैलाबद्दल आणि कॅनव्हासला तिरकं छेदणाऱ्या त्या कर्णरेषेबद्दल इतक्या आस्थेने लिहिलेलं मराठीत क्वचितच वाचायला मिळतं. पण 'कूडल'ला एकच ओळ? १९७० मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी केलेला हा लघुपट, जेमतेम १६ मिनिटांचा. वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्यं त्यात आहेत. पाय बांधून आडवा पाडलेला, अंगात एवढी ताकद असून हलू न शकणारा बैल त्यांच्या चित्रांत वर्षानुवर्षं येत राहिला. इथे तो खराखुरा, धडपडताना दिसतो. बघवत नाही, पण बघायलाच हवं.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकायला जाण्याआधी ते फिल्म संकलनाचं काम करत होते, हेही लेखात यायला हवं होतं. त्यांच्या नंतरच्या चित्रांत सपाट रंगाचे मोठे भाग आणि मोजक्या रेषाच उरतात. मनासारखी न झालेली चित्रं तर ते नष्टच करत. ही काटछाट मला संकलकाचीच वाटते.

आणि चित्रकार अकबर पदमसी? त्यांनीही त्याच सुमारास मुंबईत नुसत्या रेखाटनांमधून अमूर्त अ‍ॅनिमेशनपट केला होता. या चित्रकारांच्या सिनेमांवर एक स्वतंत्र लेख लिहाच, ही मनापासून विनंती.