मराठीत डिस्लेक्सिया नसतो म्हणे!

सोमवारी रात्री धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, पोराची ती वाचनाची तपासणी मी रद्द केली गं. मराठी माध्यमात हे होतच नाही म्हणे. चष्मा मागवलाय." कोण म्हणे? तर व्हॉट्सॲप. नणंदेने तिला पाठवलं, तिने मला, आणि मला तोवर आणखी दोन ग्रुपवरून तेच आलेलं. शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'.

मजकूर थोडक्यात असा: डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं आणि आवाज जुळवून वाचायला अडचण येणं, हा इंग्रजीचा रोग. देवनागरी लिहितो तशीच वाचतो, त्यामुळे मराठी मुलाला तो होऊच शकत नाही. या मुलांना अक्षरं उलटी दिसतात, त्यावर रंगीत काचेचा चष्मा आणि २१ दिवस डोळ्यांचे व्यायाम. काही नाही केलं तरी आठवीपर्यंत जातो. आइनस्टाइनलाही होता. आणि सर्टिफिकेट म्हणजे सवलती लाटायचा धंदा.

मी आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलं. त्यामुळे पहिल्या वाक्यालाच डोकं फिरलं.

लिहितो तसं वाचतो? 'चार' आणि 'चारा' मोठ्याने वाचा. च तोच, उच्चार दोन. 'करवत'ची चार अक्षरं आपण 'कर्-वत्' अशी म्हणतो, मधला अ कुठे गेला ते पोराला कुणी सांगत नाही. 'कि'ची वेलांटी डोळ्याला आधी दिसते, तोंडातून नंतर येते. र सूर्यात डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी लोळतो, 'दुसऱ्या'त वेगळाच होतो. आपल्याला हे जाणवत नाही, कारण शिकून आपल्याला जमाना झाला.

बरं, अर्धं खरं आहे ते मान्य करते. इंग्रजीच्या स्पेलिंगपेक्षा आपली लिपी पुष्कळ सरळ, त्यामुळे आपली मुलं चुका कमी करतात. पण चुका कमी म्हणजे अडचण नाही, असं होत नाही. २००१ साली 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात एराल्दो पाउलेसू या संशोधकाचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. इटालियनही लिहितो तशी वाचली जाते. त्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे डिस्लेक्सियावाले विद्यार्थी घेतले. वाचनात इटालियन पुढे होते, चुका कमी होत्या. पण त्यांच्याच देशातल्या इतर विद्यार्थ्यांपेक्षा ते हळू वाचत होते, शब्दातले आवाज सुटे करायच्या कामात फ्रेंच आणि इंग्रजी डिस्लेक्सियावाल्यांइतकेच अडखळत होते, आणि वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा एकच भाग तिन्ही भाषांत कमी काम करताना दिसला. म्हणजे भाषा बदलली की अडचणीचं बाहेरचं रूप बदलतं, मूळ तेच राहतं. सरळ लिपीतलं मूल बरोबर पण रखडत वाचतं, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

माझा भाचा तिसरीत आहे. दिवाळीत त्याला विचारलं, "कमळमधला क काढला तर काय उरेल?" त्याने छताकडे पाहिलं, बराच विचार केला आणि म्हणाला, "फूल." पोरगं हुशार आहे, अर्थ पटकन सापडतो, आवाज सापडत नाही. 'किल्ला' वाचताना बोट ल्ल्यावर थांबतं आणि तिथेच घाम येतो. यात डोळ्यांचा काय संबंध?

तर तो चष्मा. फ्रँक व्हेलुटिनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हिब्रू न येणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरं दाखवून आठवणीतून काढायला लावली. वाचनात मागे असलेल्या मुलांनी ती इतरांइतकीच बरोबर काढली. अक्षरं उलटी दिसत असती तर हे कसं जमलं असतं? अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचा यांना पुरेसा पुरावा नाही. नंबर असेल तर साधा चष्मा जरूर लावा. पण २१ दिवस चेंडूकडे बघून वाचन सुधारत नाही, तेवढे २१ दिवस वाया जातात.

आठवीपर्यंत आपोआप जातो, हे ज्याने लिहिलं त्याने वाट बघत बसलेलं सातवीतलं मूल पाहिलेलं नाही. आइनस्टाइनला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही, आणि असता तरी माझ्या भाच्याला त्याचा काय उपयोग? सवलतींचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदलेली आहे. परीक्षेत जादा वेळ त्यामुळे मिळतो, कुणाच्या मेहेरबानीने नाही. खोटे दाखले काढणारे असतील, नाही म्हणत नाही. पण मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखायची 'डाली' नावाची चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही तयार केली. मराठीत हे नसतंच, तर त्यांनी ती कुणासाठी केली?

मी बहिणीला चिंचोके काढायला सांगितलेत. शब्द म्हणायचा, एकेका आवाजाला एकेक चिंचोका पुढे सरकवायचा, मग त्याच आवाजाचं अक्षर लिहायचं. रोज पंधरा मिनिटं, न ओरडता. आणि तपासणीची तारीख पुन्हा घ्यायला लावली आहे, पुढच्या गुरुवारची मिळाली. चष्मा दुकानदार परत घेत नाही म्हणतोय.