मुरुमांच्या गोळ्या आणि लग्नाची मुलगी

लग्नाचा हंगाम जवळ आला की आमच्या खान्देशात बायकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘पिंपलच्या गोळ्या म्हणजे हार्मोनच्या गोळ्या. त्या खाल्ल्या की मुलीची पाळी बंद पडते, वजन वाढतं, दाढी-मिशी फुटते आणि पुढे मूल होत नाही. लग्नाच्या मुलीला चुकूनही देऊ नका.’

मी जळगाव जिल्ह्यात एका मेडिकलच्या काउंटरवर असते. परवा एका मावशींनी मुलीची चिठ्ठी पुढे केली, मी हात लावणार तोच मागे घेतली आणि हळूच विचारलं, “ताई, ह्या गोया खाईसन मन्ही पोरले पोरसोरं व्हतीन ना?” मागे गिऱ्हाइकं उभी होती, त्यामुळे त्यांना नीट सांगता आलं नाही. म्हणून सगळं इथे लिहिते.

पहिलं वाक्यच चूक आहे. मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या गोळ्या एका जातीच्या नसतात. डॉक्सीसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स आहेत, हार्मोन नव्हेत. डॉक्सीसायक्लिनचा खरा त्रास उन्हाचा. ती चालू असताना कातडी उन्हाने लवकर भाजते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. शेतात जाणाऱ्या मुलीला हे आधी सांगायला हवं. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळ होते. दुसरी आयसोट्रेटिनॉइन. १९८२ पासून वापरात असलेलं हे औषध म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचंच एक रूप. ते कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी लहान करतं, म्हणून ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं, आणि चरबी व लिव्हरसाठी रक्त तपासावं लागतं. हार्मोनशी थेट संबंध फक्त दोघींचा: गर्भनिरोधक गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन.

‘पाळी बंद पडते.’ या दोघींच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. स्पायरोनोलॅक्टोनने पाळी मागेपुढे होते, मध्येच रक्ताचे डाग दिसतात, स्तन दुखतात. ते मूळचं लघवी वाढवणारं औषध, त्यामुळे चक्करही येते. शरीरातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून किडनीचा आजार किंवा बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. गर्भनिरोधक गोळीने पहिले दोन-तीन महिने मळमळ होते, डाग पडतात. तिचा एक विरळ पण गंभीर धोका मेसेजमध्ये नाहीच, तो म्हणजे रक्तात गुठळी होण्याचा. एक पाय सुजून दुखला किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मात्र दोन्ही गोळ्या थांबवल्या की पाळी सहसा काही महिन्यांत मूळ चालीवर येते. आणि ती मूळ चाल कशी होती, हे कुणी विचारतच नाही. पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनचं गणित बिघडण्याचा आजार, असलेल्या मुलीची पाळी गोळीच्या आधीपासून दोन-दोन महिने येत नसते. मुरुमही त्याचेच असतात, आणि दोष मात्र गोळीला लागतो.

‘दाढी-मिशी फुटते.’ हे साफ उलटं आहे. चेहऱ्यावर तेल आणि केस वाढवणारी पुरुषी हार्मोन्स असतात, आणि या दोन्ही गोळ्या त्यांचाच जोर कमी करतात. चेहऱ्यावर लव वाढते ती गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने चोपडलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने. कातडी पातळ होते, लाल पडते, नवे मुरुम येतात. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय विकणारी दुकानं आहेत, आणि याच धंद्यात असल्यामुळे मला त्याचा फार राग येतो.

वजनाचं एवढंच, की गर्भनिरोधक गोळीने वजन फार वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. स्टेरॉइड मिसळलेल्या पुड्यांनी मात्र वाढतं.

आता ‘मूल होत नाही.’ यातली कुठलीही गोळी बाईला वांझ करत नाही. पण आयसोट्रेटिनॉइन चालू असताना दिवस राहिले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं, गर्भपातही होतो. थोडे दिवस घेतली तरी हा धोका असतो. म्हणून सुरू करण्याआधी दिवस राहिलेले नाहीत ना, याची तपासणी करायची, आणि गोळी चालू असेपर्यंत व शेवटच्या गोळीनंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. तेवढा काळ रक्तदानही नाही. महिना उलटला की पुढच्या बाळंतपणाला अडचण नाही. स्पायरोनोलॅक्टोन आणि डॉक्सीसायक्लिनसुद्धा गरोदरपणात चालत नाहीत.

मेसेजने नेमकी ही गोष्ट उलटी करून टाकली. हळदीपर्यंत चेहरा साफ हवा म्हणून मुलगी गोळ्या सुरू करते. कोर्स चार-सहा महिन्यांचा. घरात मेसेज वाचलेला, म्हणून ती पाकीट बॅगेच्या तळाशी लपवते आणि तसंच सासरी नेते. तिथे दुसऱ्या महिन्यापासून गोड बातमी विचारायला लागतात. गोळी चालू आहे हे नवी नवरी कुणाला सांगणार? कधी उरलेलं पाकीट बहिणीला दिलं जातं, आणि त्या बहिणीचं लग्न झालेलं असतं.

त्या दिवशी मावशींची चिठ्ठी आयसोट्रेटिनॉइनचीच होती. मी विचारलं, “लगीन कधीनं शे?”

“आखाजी व्हयनी का मंग.” म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की.

डॉक्टरांना तारीख सांगितली का, तर नाही. त्यांनी विचारली नाही, मुलगी बोलली नाही. मी बोटांवर महिने मोजून दाखवले, चिठ्ठीच्या मागे लग्नाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली आणि गोळ्या न देता त्यांना परत पाठवलं. म्हटलं, मावशी, आधी ही मागची बाजू डॉक्टरांना दाखवा, आणि पोरीला सोबत न्या.