हवासूच्या लेखावरच्या ‘त्या’ प्रतिक्रियेला उत्तर

डोंगरवेडा महाशय,

अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासू धबधब्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या लेखाखालची इथे येऊन पडली असावी. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परतीच्या वाटेवर आम्ही सॅक खेचरावर पाठवल्या, असं एक वाक्य लेखात होतं. त्यावर तुम्ही म्हणता, “ताई, स्वतःचं ओझं स्वतः न वाहणाऱ्यांनी ट्रेकच्या गप्पा मारू नयेत.” पुढे खेचरांचे हाल, परमिटचे भरमसाट पैसे, फोटोंना मारलेला फिल्टर, ऑगस्ट 2024 मधल्या तिथल्या पुराबद्दल मी चकार शब्द न काढणं, आणि समारोपाला “जरा लाज वाटू द्या.”

सुरुवात ताईने आणि शेवट लाजेने! घरच्या ताईशीही असंच बोलता का? मतभेद असू शकतात, टीकाही खुशाल करा. या ब्लॉगवर माझ्या शुद्धलेखनापासून माझ्या राजकीय मतांपर्यंत सगळ्याची चिरफाड झालेली आहे आणि मी ती हसून घेतली आहे. पण ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही, तिची भर चौकात लाज काढायची, याला टीका म्हणत नाहीत.

एक गोष्ट मान्य. शीर्षकातला ‘वाळवंटातला स्वर्ग’ अगदीच गुळगुळीत झालाय. बदलते. मी हटवादी नाही, हे एवढ्यावरून तरी ध्यानात यावं.

आता ओझ्याचं. हुआलापाय हिलटॉपला गाडी लावली की रस्ता संपतो. तिथून खाली सुपाई गाव आठ मैल आणि गावापासून कॅम्पग्राउंड आणखी दोन मैल, म्हणजे एकूण सोळा किलोमीटर. गाव येईपर्यंत प्यायला पाणी नाही, जे पाठीवर असेल तेच. ही सगळी वाट मी सॅक घेऊन उतरले. तंबू, स्लीपिंग बॅग, चार दिवसांचा शिधा, पाणी, सगळं माझ्याच पाठीवर होतं. हे लेखात दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तिसऱ्यापासून वाचायला घेतलंत काय?

परतताना खेचर केलं ते माझ्या जाऊबाईंसाठी. त्यांचा गुडघा दुखरा आहे आणि शेवटच्या दीड मैलात सुमारे हजार फूट नागमोडी चढण आहे, म्हणून ते आधीच ठरवून ठेवलं होतं. पैसे खेचराचे द्यायचे असतात, बॅगेचे नाही. एका खेचरावर चार बॅगा जातात, प्रत्येकी 32 पौंडांपर्यंत. त्यांची सॅक जाणारच होती, तिच्याबरोबर माझीही दिली. की तुमच्या नियमपुस्तिकेप्रमाणे उरलेली जागा रिकामी ठेवून मी माझी सॅक त्याच खेचराच्या मागोमाग वाहत न्यायला हवी होती? आणि खरं तर हा खुलासा मी का करतेय? जाऊबाईंचा गुडघा चव्हाट्यावर आणल्याबद्दल त्या मला दोन शब्द सुनावतील ते वेगळेच.

पण तुमच्या त्या वाक्यात मला टोचलं ते निराळंच. खेचरावर सामान टाकणं म्हणजे काहीतरी हलकं, आयतं, पर्यटकी, असा त्याचा सूर आहे. सुपाई हे असं गाव आहे की तिथे गाडी जातच नाही. अमेरिकेत अजूनही टपाल खेचरांवरून जातं ते याच गावात. ते पीच स्प्रिंग्ज गावच्या पोस्टातून निघतं, गाडीने हिलटॉपला येतं आणि तिथून खेचरांच्या पाठीवर खाली उतरतं. टपाल म्हणजे नुसती पत्रं नव्हेत, गावाचं खाणंपिणंही त्यातूनच येतं. पीच स्प्रिंग्जच्या पोस्टात म्हणे शीतगृह आहे. म्हटलं पोस्टात कशाला, तर सुपाईला जाणारं नाशवंत सामान ठेवायला. सुपाईच्या पोस्टातून पत्र टाकलंत तर त्यावर खेचरांचं चित्र असलेला खास शिक्का बसतो. मी टाकलं. तुम्हालाही टाकलं असतं, पत्ता माहीत असता तर.

उतरताना आम्हाला तो तांडा भेटला. आधी टापा ऐकू आल्या, मग लाल धुळीचा लोट दिसला. अशा वेळी दरीच्या बाजूला थांबायचं नसतं, कड्याला पाठ लावून उभं राहायचं असतं, नाहीतर एखादी पेटी खांद्याला लागून माणूस खाली जायचा. पुढे घोड्यावर एक तरुण मुलगा, हॅट डोळ्यांवर ओढलेली, आणि मागे दोराने एकामागे एक जोडलेली जनावरं. एकाच्या पाठीला टपालखात्याचे प्लॅस्टिकचे क्रेट आवळून बांधलेले, त्यामागच्याच्या अंगावर कॅम्पवरून निघालेल्या कुणाच्या तरी भडक निळ्या, केशरी सॅक. नाही, सॅक नव्हत्याच त्या, त्या वर जाणाऱ्या तांड्यात होत्या. खाली उतरणाऱ्यावर बटाटे होते. त्या मुलाने बोट हॅटला लावलं आणि गेला. त्याच्या पोटापाण्याला तुम्ही कमीपणा आणता आहात, आणि तेही माझ्यावर राग काढताना.

माझे वडील पोस्टमन होते. निवृत्त होईपर्यंत खांद्यावर टपालाची पिशवी. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलेला मी लहानपणापासून पाहिला आहे. नंतर ॲरिझोनात आल्यावर मी इथल्याच उन्हात लेकीला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घेऊन टेकड्या चढले आहे, आणि लेक काही हलकी नव्हती. तेव्हा ओझं म्हणजे काय, ते कुणी वाहायचं आणि त्यात अभिमान किती बाळगायचा, हे मला टोपणनावाआडून शिकवू नका.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

खेचरांचे हाल: तक्रारी पूर्वी झालेल्या आहेत, मलाही ठाऊक आहे. मी पाहिली ती जनावरं धडधाकट होती. संपलं.

पैसे: हो, मी गेले तेव्हा माणशी 455 डॉलर होते, तीन रात्रींचे. एका दिवसात जाऊन येण्याची परवानगी नाही आणि तेव्हा कमी रात्री घेता येत नव्हत्या. तुम्ही याला ‘लूट’ म्हणता. सुपाईच्या ज्या मूळनिवासी हवासुपाय लोकांना 1882 साली 518 एकरांत कोंडलं आणि ज्यांना 1975 पर्यंत वाट पाहिल्यावर सुमारे 1,85,000 एकर परत मिळाले, त्यांनी आपल्या अंगणात यायचे किती पैसे घ्यावेत हे तुम्ही ठरवणार? परवडत नसेल तर जाऊ नका. मीही पैसे साठवूनच गेले होते.

फिल्टर: मारलेला नाही. गावाच्या वरच्या अंगाला झऱ्यांतून येणाऱ्या या पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरपूर विरघळलेलं असतं. तो तळाशी पांढरा साका धरतो आणि त्यावर पाणी तसं हिरवंनिळं दिसतं. त्याच चुन्याचे बांध तयार होऊन ती पायऱ्यापायऱ्यांची तळी बनतात. हवासूच्या खालच्या अंगाला असलेल्या मूनी धबधब्याच्या शेजारून खाली उतरताना हाच दगड हाताला लागतो. आधी दोन बोगदे, मग साखळ्या, लोखंडी खुंट्या आणि शेवटी तुषारांनी सतत ओल्या असलेल्या लाकडी शिड्या, खाली पाहिलं तर सुमारे दोनशे फूट. तिथे सॅक नव्हे, स्वतःचं शरीर वाहावं लागतं. ते मी वाहिलं. कुणा खेचराने नव्हे.

राहता राहिला पूर. 22 ऑगस्ट 2024 चा लोंढा, त्यात गेलेली एक ट्रेकर, हेलिकॉप्टरने बाहेर काढलेले शंभरावर लोक, ही बातमी तुम्ही चिकटवलीत. सगळ्यांनी वाचलेली आहे. पाऊस दूर पठारावर पडतो आणि घळीत निरभ्र आभाळाखाली पाणी येतं, हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. मी लिहिलं ते प्रवासवर्णन, आपत्ती व्यवस्थापनाची पुस्तिका नव्हे. आम्ही गेलो, आभाळ स्वच्छ होतं, आलो. यावर आणखी चर्चा नको.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. त्याखालची दुसरी, ‘उत्तर द्यायची हिंमत नाही का’ अशी, मात्र काढली. उत्तर लिहायला वेळ लागतो हो, नोकरी आहे मला.

मूनीच्या साखळ्यांसाठी हातमोजे कुठले घ्यावेत असं खाली एका वाचक भगिनीने विचारलं होतं. रबरी तळव्याचे साधे बागकामाचे चालतात. वर लोकांनी सोडलेल्या मोज्यांचा ढीग असतो, पण त्यावर विसंबू नका.